अन्यथा रिमूव्ह

आमच्या वधू-वर ग्रुपचे अ‍ॅडमिन फतवे पहाटे काढतात. त्या वेळी माणूस अर्धवट झोपेत असतो आणि हरकत घ्यायचं त्याच्या अंगात नसतं, हे त्यांनी अनुभवानं ओळखलंय. परवाच्या फतव्यात वर गणपती, खाली दोन गुलाब आणि मधोमध मजकूर होता: "ग्रुपमध्ये बोगस स्थळांचा सुळसुळाट झाल्यामुळे सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उमेदवाराचे आधार कार्ड (दोन्ही बाजू), पॅन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, चालू लाइट बिल तसेच पालकाचे आधार कार्ड आठ दिवसांचे आत ग्रुपवर टाकावे. अन्यथा रिमूव्ह करण्यात येईल. आपला नम्र."

आपल्याकडं 'आपला नम्र'च्या वरच्या ओळीत हमखास धमकी असते.

हे नम्र गृहस्थ, म्हणजे अण्णा, आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं राहतात. भिंत एकच, तीही सामाईक. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांचा कुळव नेला आणि परत केला नाही, हे अण्णांना सालासकट पाठ आहे. माझ्या लग्नात जेवून हात धुताना 'बुंदी कोरडी होती' असं पहिल्यांदा बोलले तेही अण्णाच. आता त्यांना मी मीच असल्याचा पुरावा हवा होता. मी भिंतीजवळ जाऊन हाक मारली.

"अण्णा, माझं आधार कशाला? मला ओळखत नाही का?"

"ओळखतो की. पण तुम्हाला सोडलं तर लोक म्हणतील, शेजारी म्हणून सोडलं."

"बरं. मग तुमचं आधार कुठाय?"

"मी अ‍ॅडमिन आहे," अण्णा म्हणाले आणि म्हशीकडं गेले.

मी या ग्रुपात भाच्यापायी अडकलोय. भाचा आमच्याच टेंभुर्णीच्या एमआयडीसीत कामाला जातो, सुटीत ऊस बघतो आणि एकरभर केळीही लावलीय. टेंभुर्णी-कंदर पट्ट्यातली केळी थंडगार कंटेनरमध्ये बसून आखाती देशांत जातात. भाच्याचा बायोडेटा अजून कुर्डुवाडीच्या पुढं गेलेला नाही.

हे दुःख त्याच्या एकट्याचं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ज्योती क्रांती परिषदेनं सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा काढला होता. लग्नाळू पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली आणि आम्हाला बायको मिळत नाही म्हणून निवेदन देऊन आली. देशभर हसू झालं. आमच्याकडं कुणाला हसू आलं नाही. "निदान घोड्यावर तरी बसली पोरं," असं माझी बहीण म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ९१३ मुली होत्या. त्यातली मुलं आता पंचविशी-तिशीत येऊन आमच्या ग्रुपात बसलीत. २०११ मध्ये तो आकडा ८९४ वर आला. म्हणजे मागची रांग अजून वाढायची आहे. त्यात मुलीच्या बापाला जावई पुण्यात नोकरीला हवा असतो आणि गावाकडं बागायत शेतीही हवी असते. फक्त ती शेती जावयानं करायची नसते.

अशा ठिकाणी दलाल घुसणारच. पैसे घेऊन मुलगी दाखवायची, चार दिवसांत अक्षता, आणि आठवड्याच्या आत नवरी दागिन्यांसकट पसार. अशा टोळ्यांच्या बातम्या पेपरात येतात तेव्हा अण्णा त्या कापून ठेवतात. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. या पळणाऱ्या नवरींची कागदपत्रं चोख असतात. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं सगळ्याशी जुळतं. जुळत नाही ते आमच्यासारख्या सरळ माणसांचं.

माझंच बघा. आधारवर माझ्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'एच' आहे, पॅनकार्डवाल्या पाकिटावर दोन आहेत, आणि बँकेच्या पासबुकात एकही नाही. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव माझ्या जागी आणि माझं वडिलांच्या जागी. जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनला जन्मलं आहे, कारण पोरगं पहिलीत घालताना गुरुजींना वयाचा हिशेब सोपा पडायचा. पुढं आधारवाले आले. त्यांनी ज्याला तारीख सांगता येईना त्याला १ जानेवारी देऊन टाकली. त्यामुळं वर्षातून दोन दिवस ग्रुपवर केकच्या चित्रांचा एवढा पूर येतो की त्या दिवशी स्थळांचं कामकाज बंद असतं.

आधारवर माझा नाही, पण महाराष्ट्राचा जुना हक्क आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्या वेळी खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. आमच्या अण्णांनी ही बातमी घाईत वाचून गावात पेढे वाटायची तयारी केली होती, असं म्हणतात. अण्णा अर्थात नाकारतात.

तर, मुदत आठ दिवसांची होती. लोकांनी दुपारी जेवायच्या आतच धडाका लावला.

एरवी ग्रामपंचायतीत घरपट्टीची पावती मागितली तर महिनाभर न सापडणारी माणसं तासाभरात सगळे कागद काढून बसली. कुणी आधार कार्ड चादरीवर ठेवून फोटो काढला, कुणी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. एकाच्या कार्डावर त्याचाच अंगठा आला होता. "दिसत नाही," असं अण्णांनी लिहिल्यावर त्यानं उत्तर दिलं, "अंगठ्यासकट असतं तेच खरं आधार." एकानं बायकोचं टाकलं, एकानं गॅसचं पुस्तक टाकलं. एका उत्साही सभासदानं घरात सापडला तेवढा कागद पाठवताना आजोबांच्या मृत्यूचा दाखलाही पाठवला. त्याच्या खाली चौघांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि पाचव्यानं सवयीनं 'अभिनंदन, स्थळ छान आहे'.

माझ्या फोनमध्ये ग्रुपवरचा प्रत्येक फोटो आपोआप उतरतो. हे बंद करता येतं म्हणे. पण ते माझ्या नातवाला येतं आणि तो बारामतीला असतो. शिवाय हा फोन अधूनमधून स्वतःच्या मनानं आठवणींचा व्हिडिओ तयार करतो. संध्याकाळी त्यानं मला 'तुमचे खास क्षण' भेट दिले. मंद सतार सुरू झाली. आधी उजनीच्या काठावर मी, मग करमाळ्याकडच्या कुठल्या तरी मुलाचं आधार कार्ड, मग नातीचा पहिला वाढदिवस, मग त्याच मुलाच्या आधारची मागची बाजू, हळूहळू जवळ येणारी. बायको मागं येऊन उभी होती.

"अहो, हा कोण?"

"माहीत नाही. पण त्याचं पॅन आहे आपल्याकडं."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी स्टँडसमोर वडा खाल्ला. वडा संपला तसा कागद दिसायला लागला. कुणाच्या तरी आधारची झेरॉक्स होती. तेल पिऊन कागद आरपार झाला होता आणि त्यातला माणूस मूळ कार्डावर कधीही दिसला नसेल इतका स्वच्छ दिसत होता. बारा आकडे, पत्ता, वडिलांचं नाव, सगळं सुवाच्य. फक्त जन्मतारखेवर चटणी.

"हे कुणाचं आधार आहे?" मी वडेवाल्याला विचारलं.

"कुणाचं बी आसंल. झेरॉक्सवाल्याकडची रद्दी हाय. अजून एक देऊ?"

दुसरा वडा मी घेतला, पण कागद बदलून मागितला. बदललेल्या कागदावर पॅन कार्ड होतं.

आता मला धीर धरवेना. माझे साडू माढ्याच्या कोर्टात वकिली करतात. त्यांचा सल्ला घरच्यांना फुकट असतो, म्हणून घरात कुणी मानत नाही. रविवारी ते जेवायला आले तेव्हा मी विषय काढला. भिंतीपलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा श्रोता म्हणून हजर होते.

साडू म्हणाले, "हे बघा. आधारचा कायदा २०१६ चा. कलम २९ प्रमाणं कुणाचा आधार नंबर असा जाहीर टांगता येत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं आधार वैध ठरवलं, पण कलम ५७ मधली खासगी लोकांना आधार वापरायची मोकळीक उडवली. २०१९ ला दुरुस्ती झाली. त्यात असं आलं की, ओळख पटवायला कुणी स्वखुशीनं आधार दाखवलं तर दाखवू द्या. पण आधी संमती घ्या, दुसरा कुठला पुरावा चालेल तेही सांगा, आणि तो नंबर जमा करून ठेवू नका."

"पण हे जाहीर कुठं आहे?" भिंत बोलली. "ग्रुप प्रायव्हेट आहे."

"किती सभासद?"

"एक हजार चोवीस. फुल्ल. त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप घेतच नाही."

"टेंभुर्णीत कुठल्या सभेला एवढी माणसं येतात, अण्णा?"

"जेवण असलं तर येतात," अण्णा म्हणाले.

साडूंनी भाकरी मोडली. वकील लोक मुद्दा सोडत नाहीत, जागा बदलतात. ते म्हणाले, "२०२३ साली वैयक्तिक माहितीचा नवीन कायदाही झालाय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमं लागू व्हायला तिथून अठरा महिने."

"म्हणजे अजून टाइम आहे तर!" अण्णांचा आवाज उजळला.

"त्यात लिहिलंय की संमती मोकळेपणानं दिलेली पाहिजे, तिला कसली अट नको, आणि माहिती कामापुरतीच घ्यायची. लग्नाला लाइट बिल कशाला लागतं?"

"थकबाकी कळते."

"आणि 'अन्यथा रिमूव्ह' ही अट नाही का?"

"ती आठवण आहे."

खरी झटापट पुढं झाली. या कायद्यात एक सवलत आहे. एखाद्यानं स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर कायदा मध्ये पडत नाही. हे ऐकताच अण्णा खुर्चीवर उभे राहिले असावेत, कारण भिंतीवर त्यांचं डोकं उगवलं.

"मग झालं की! लग्न घरगुती काम नाही तर काय सरकारी आहे?"

"एका घराचं असेल तर घरगुती. हजार घरांचं?"

"हजार घरांची हजार घरगुती कामं."

साडू क्षणभर निरुत्तर झाले. माढ्याच्या कोर्टात त्यांना असा प्रतिवाद क्वचित ऐकायला मिळत असेल. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "दंड किती आहे माहीत आहे? जास्तीत जास्त अडीचशे कोटी."

भिंतीवरचं डोकं थोडं खाली गेलं. "अडीचशे कोटी? एवढ्यात साखर कारखाना उभा राहतो."

"तो मोठ्यांसाठी आहे हो, तुम्हाला कोण लावतंय," साडू म्हणाले. पण आकडा ऐकून अण्णांच्या तोंडावर भीतीपेक्षा मोठेपणाची कळा आली होती. आपल्यामुळं देशाला अडीचशे कोटींचा धोका संभवतो, हे त्यांना प्रथमच कळत होतं. दुसऱ्या दिवशी चौकात त्यांनी हा आकडा स्वतःच्या मिळकतीचा असल्यागत सांगितला.

मात्र अण्णा बिनतयारीचे नव्हते. मोबाइलवर बघत त्यांनी पुरावे मांडले. पहिला: २०१८ च्या जुलैत ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर टाकला आणि काय नुकसान करायचं ते करा, असं जगाला आव्हान दिलं. "एवढा मोठा माणूस टाकतो, मग आपल्याला काय झालं?"

"त्यानंतर लोकांनी त्यांचा फोन नंबर, पत्ता, काय काय शोधून मांडलं ते नाही वाचलं? एकानं त्यांच्या खात्यात रुपयाही भरला. मग आधारवाल्यांनीच पत्रक काढलं, की बाबांनो, असं करू नका."

"खात्यात भरला, काढला तर नाही ना?" अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की ते आता स्वतःचं आधार टाकतील आणि रुपयाची वाट बघत बसतील.

दुसरा पुरावा जरा वजनदार होता. विवाह जुळवणाऱ्या वेबसाइट्सनी सभासदांची ओळखपत्रं घ्यावीत, असं केंद्र सरकारनंच जून २०१६ मध्ये सांगितलं होतं. साडूंनी मान्य केलं. म्हणाले, "बरोबर. पण ते कंपन्यांना. त्यांनी कागद आपल्या कपाटात ठेवायचे, हजार लोकांच्या फोनात नाही. तक्रार ऐकायला माणूस नेमायचा. तुमच्याकडं तक्रार आली तर काय करता?"

"रिमूव्ह."

साडूंनी ताक मागितलं.

जेवणानंतर त्यांनी मला मधला रस्ता दाखवला: मास्क केलेलं आधार. यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात, आणि सरकारी साइटवरून ते फुकट उतरवता येतं. मला एकदम आठवलं. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयानं जाहीर केलं होतं की, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क केलेलंच द्या; हॉटेल आणि सिनेमागृहांना झेरॉक्स ठेवायचा अधिकार नाही. हायवेवरच्या लॉजवाल्यांपासून झेरॉक्सवाल्यांपर्यंत टेंभुर्णीत सुतक पसरलं. लगेच २९ मेला, रविवार असूनही, सरकारनं पत्रक मागं घेतलं. लोक भलताच अर्थ काढतील, तेव्हा नेहमीची सावधगिरी बाळगा, एवढंच सांगितलं. आमची नेहमीची सावधगिरी म्हणजे झेरॉक्सवर सही करून खाली तारीख घालायची. ती आम्ही तेव्हापासून बाळगतोय. वड्याच्या कागदावरच्या त्या माणसानंही सही केली होती, तारखेसह.

भाच्याचं मास्क आधार मी ग्रुपवर टाकलं आणि पाच मिनिटांत त्याच्या चारित्र्याची चर्चा सुरू झाली.

"आठ आकडे का झाकले?"

"काही केस-बिस आहे का?"

"पहिलं लग्न झालेलं असणार." हे लिहिणाऱ्याची स्वतःची दोन झालेली होती.

मी समजावून लिहिलं की, त्या बारा आकड्यांत माणसाबद्दल काही नसतं, नंबर कसाही पडलेला असतो; खात्री करायची तर कार्डावरचा चौकोनी क्यूआर कोड फोनच्या आधार अ‍ॅपनं तपासा, खरं-खोटं लगेच कळतं. नुसत्या फोटोवरून काही कळत नाही. २०१४ मध्ये राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यात चक्क हनुमानजींच्या नावानं आधार निघालं होतं, वडिलांचं नाव पवनजी. फोटोही व्यवस्थित होता. देशात वधू-वर ग्रुपवर टाकायला निरुपयोगी असं ते एकच आधार असेल.

यावर क्यूआर कोड कुणी तपासला नाही. बावीस जणांनी हनुमानापुढं हात जोडले. रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, लोकांची लग्नं जमून मोडतात. माझं तुम्ही जमायच्या आधीच मोडायला लागलाव."

मी मास्क काढला. बारा आकडे उघडे टाकले. सगळ्यांनी अंगठे दाखवले. एका माणसानं 'आता कसं मोकळं वाटतं' असं लिहिलं.

आणि मग, आठवड्याच्या शेवटी, खऱ्या गमतीला सुरुवात झाली. आमच्या ग्रुपात मुलींचे वडील मोजके आहेत. ते कधी बोलत नाहीत, फक्त वाचतात. त्यातले अकलूजकडचे एक गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. त्यांनी लिहिलं, "आधार राहू द्या. त्यानं काय कळतंय? ज्यांना खरोखर सोयरीक करायची त्यांनी चालू सातबारा आणि आठ-अ टाकावा. नमस्कार."

ग्रुप गप्प झाला.

रोज पहाटे पाचपासून शुभ सकाळ घालणारे हजार हात थांबले. एवढी शांतता त्या ग्रुपवर मी फक्त वर्गणीच्या वेळी अनुभवली होती. कारण उघड होतं. बायोडेटात प्रत्येकाची शेती 'बारा एकर बागायत' असते. सातबारा मात्र दुसरंच सांगतो. त्यावर बारा एकरांत चुलते, आत्या, पुण्यातला भाऊ अशी डझनभर नावं असतात, वाट्याला येतात दीड एकर, त्यात पोटखराबा. आणि खाली 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. त्यात सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, पाइपलाइनचं कर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज, सगळं रांगेनं उभं असतं. मुलाचा बाप हा रकाना स्वतःच्या बायकोलाही दाखवत नाही.

तासाभरानं पहिला आवाज उठला आणि मग सगळेच बोलायला लागले. जी माणसं पहिल्याच दिवशी गॅसच्या पुस्तकासकट उघडी पडली होती, त्यांना अचानक घटना आठवली.

"हा खासगी प्रश्न आहे."

"प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. सुप्रीम कोर्ट, २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीश!" हे चादरीवर आधार ठेवणाऱ्यानं लिहिलं. तारीख अचूक होती.

"उद्या सातबाऱ्याचा गैरवापर झाला तर जबाबदार कोण?"

"कागदपत्रं अशी ग्रुपवर मागणं बेकायदेशीर आहे," हे शेवटी अण्णांनी लिहिलं आणि खाली कंसात 'कलम २९' घातलं. भिंतीपलीकडून ऐकलेलं वाया गेलं नव्हतं.

मी साडूंना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. ते एवढे हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, "सातबारा कसला खासगी! महाभूलेखवर गट नंबर टाका, गावातल्या कुणाचाही उतारा फुकट बघा. सहीचा पाहिजे तर पंधरा रुपये. जमिनीचं दप्तर सगळ्यांना उघडं असावं म्हणूनच तर आहे. झाकायचं ते आधार. आणि ते तुम्ही वड्याला गुंडाळताय."

ही माहिती मी ग्रुपवर टाकायला नको होती असं बायकोचं मत आहे. माझं तसं मत नाही, पण त्या रात्री टेंभुर्णी, कंदर, बेंबळे, परिते, पार माढ्यापर्यंत कुणी झोपलं नाही. घराघरांत फोनचा उजेड आणि गट नंबरांची उजळणी. सकाळी चौकात चहाला नेहमीची माणसं आली ती एकमेकांकडं नव्या नजरेनं बघत. बारा एकरवाले कोपऱ्यात बसले. ज्यांची अडीच एकरच होती पण कोरी होती, ते मध्ये बसले आणि त्यांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. एकजण दुसऱ्याला सहज म्हणाला, "विहिरीचं कर्ज फेडून टाक की आता," आणि तो दुसरा कपातला चहा तसाच ठेवून निघून गेला.

अकलूजकरांना भाच्याचा फोटो पसंत होता. त्यांचा निरोप आला की, उतारा कागदावर घेऊन सोमवारी या. तेव्हा मी आमचा सातबारा घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानात ग्रुपचीच माणसं होती. प्रत्येकानं आपला कागद छातीशी पालथा धरलेला, आणि सगळे भिंतीवरच्या परीक्षेच्या जाहिराती मन लावून वाचत होते. काउंटरवरच्या पोरानं माझ्या हातातला उतारा घेतला आणि शांतपणे विचारलं, "काका, साधा का मास्क?"

"काय?"

"सातबारा वो. मास्क पायजे आसंल तर इतर हक्कावर पट्टी ठिवून मारतो. दहा रुपये जास्ती. सकाळधरनं तेच चाललंय."

त्याच्याजवळ पट्ट्या तयार होत्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूतून कापलेल्या, रकान्याच्या मापाच्या, लहान-मोठ्या. ज्याचा बोजा जास्त त्याला रुंद पट्टी.

"अरे, पण ऑनलाइन सगळ्यांनी बघितलंच आहे की."

"बघू द्या. कागदावर नसलं म्हंजे बोलायला जागा ऱ्हाती," पोरगा म्हणाला. एवढ्या वयात त्याला सोयरिकीतलं एवढं कळत होतं. मी दहा रुपये जास्तीचे काढले. त्यानं मधली पट्टी निवडली, काचेवर बसवली, झाकण दाबलं. हिरवा उजेड सरकला आणि आमच्या घराण्याचं तीस वर्षांचं कर्ज नाहीसं झालं.

"आणि हे आधार?" पोरानं विचारलं. "त्येबी मास्क करू?"

मी काही बोलायच्या आत मागून कुणीतरी उत्तर दिलं. वळून बघितलं तर रांगेत अण्णा. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला उतारा, आणि बोटांत मोजून धरलेली दहाची नोट.

"त्याला कशाला?" अण्णा म्हणाले. "त्यात काय झाकण्यासारखं असतं?"